विहीणबाई, कळी टिकली!

विहीणबाई, टिकली! कळी टिकली! नुसती टिकली नाही, आज सकाळी फुललीसुद्धा! तुमच्या मागच्या ओट्यावर, पत्र्याखाली, त्याच कुंडीत बशीएवढं केशरी फूल उमललंय, मधोमध गर्द लाल. मी ते पाहिलं आणि पहिलं काम काय केलं असेल? मोबाइल आणायला आत पळाले, चपला पायात तशाच. फोटो काढला, तुमचं नाव शोधलं, आणि पाठवायच्या आधी बोट थांबलं. तुमची तेरवी होऊन गेली हे मला काय ठाऊक नव्हतं? तेरवीची भजी मीच तळली होती. तरी तेवढ्यापुरतं ते डोक्यातून साफ गेलं होतं. मग मला तुमचा राग आला. खरं सांगते, रडू नाही आलं, राग आला. एवढी मोठी बातमी, आणि ती ऐकायला तुम्ही नाही!

तुम्ही किती प्रेमळ होतात, किती सोसलंत, हे घरी येऊन बरेच जण बोलून गेले. ते त्यांचं त्यांच्यापाशी. मला आपला अर्धा राहिलेला वाद पुरा करायचाय. आपली जास्वंद कळ्या धरायची आणि फुलायच्या आधी गाळायची. का गाळायची? तुमचं म्हणणं, तुमच्या सुनेला, म्हणजे माझ्या स्वातीला, हातगुण नाही. माझं म्हणणं, कळी गळते ती काहीतरी कारणानं गळते, कुणाच्या हातानं नाही. ते कारण सापडलं, विहीणबाई! आता शांत बसून ऐका. मध्येच बोलायची तुमची सवय या वेळी तरी चालणार नाही.

सुरुवात रुखवतापासून करते, कारण आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मुलीकडचे रुखवतात काय काय मांडतात! लोकरीचे ससे, मोत्यांची तोरणं, साखरेचा बंगला. मी अमरावतीत घरच्या अंगणात फुलझाडांची छोटीशी रोपवाटिका चालवते, लोकरीच्या सशांत मला काही गती नाही. म्हणून मी टेबलाच्या मधोमध माझ्या हातानं तयार केलेली केशरी जास्वंद ठेवली. कुंडीला गेरू, झाडाला एक टपोरी कळी. वरमाय म्हणून तुम्ही रुखवत पाहायला आलात, पदर सावरलात, टेबलाभोवती एक चक्कर मारलीत आणि सगळ्यांदेखत विचारलंत, "काहून हो ईनबाई, रुखवतात झाड? आमी काय नर्सरी टाकून राह्यलो का?"

सगळा मांडव हसला. मुलीची आई म्हणून मीही हसले, आणि मनात म्हटलं, झालं, माझ्या लेकीचं काही खरं नाही. पण पाठवणीच्या वेळी बाकी रुखवत टेम्पोत चढलं आणि ती कुंडी तुम्ही कुणाला हात लावू दिली नाहीत. "हालीन ते. कयी हाये त्याले," म्हणालात आणि कुंडी मांडीवर घेऊन गाडीत बसलात. कळीला तुम्ही शेवटपर्यंत कयीच म्हणालात. एका बाजूला नवी सून, मांडीवर कुंडी आणि कोऱ्या शालूवर ओल्या मातीचा डाग. तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा आवडलात. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. विहिणीला असं कुणी सांगतं का? पण आता सांगते.

ती कळी अकोल्याला पोचली आणि गळाली. मी म्हटलं, प्रवासाचा धक्का आहे, जागा बदलली की जास्वंद कळ्या टाकतेच. पुढच्या येतील. आल्या की! वाटाण्याएवढ्या झाल्या, सुपारीएवढ्या झाल्या, देठाशी पिवळ्या पडल्या आणि टपाटप गळाल्या. माझ्या अंगणातलं मूळ झाड फुलांनी लगडलेलं, आणि त्याचीच फांदी लेकीच्या सासरी एक फूल देईना. अमरावतीतली माणसं माझ्याकडून जास्वंदी घेऊन जातात, वर आणखी सल्ला घेऊन जातात. त्या बाईचं झाड विहिणीच्या घरी फुलत नाही, म्हणजे काय नाचक्की! आणि तुमचं मागणं तरी किती लहान होतं. चतुर्थीला गणपतीला घरच्या झाडाचं एक फूल. "बजाराचं रोजच वाहातो मी, ईनबाई. घरचं एक तरी पाह्यजे ना." दर चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी तुमचा फोन यायचा, आणि मला कळायचं की आजही कळी गेली.

मग सुरू झाली आपली फोनवरची डॉक्टरकी. आठवतं का? सुनेची चौकशी नाही, जावयाची चौकशी नाही, आधी झाड. माझ्या घरचे म्हणायचे, या दोघी विहिणी आहेत की दवाखाना?

पहिला आरोपी पिठ्या ढेकूण. तुम्ही पाठवलेल्या फोटोत अर्ध्या भागात तुमचं बोट आणि उरलेल्या अर्ध्यात फांदीला चिकटलेला कापूस. मी फोनवर ओरडले, कापूस नाही तो, ढेकूण आहे, कोवळ्या शेंड्याचा रस पितो. साबणाच्या पाण्यानं धुवा, जुन्या ब्रशनं घासून काढा, मग कडुलिंबाचं तेल फवारा, पण ऊन उतरल्यावर! तुम्ही फवारलंत भर दुपारी. "उन्हात लवकर वायते ना," हे तुमचं शास्त्र. तेलकट पानांवर अकोल्याचं ऊन पडलं आणि पानं तव्यावर टाकल्यासारखी भाजून निघाली. ढेकूण मेला, हे मात्र कबूल करते. कळ्या गळायच्या काही थांबल्या नाहीत.

मग मी म्हटलं, भूक असेल. सरकीची ढेप भिजवा आणि तिचं पाणी अधूनमधून थोडंसं घाला. थोडंसं! हा शब्द तुम्हाला स्वयंपाकात कळला नाही, तो झाडाच्या बाबतीत काय कळणार? तुम्ही गाईला घालावी तशी ढेप घातलीत. झाड असं माजलं की पानं धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांएवढी झाली, हिरवीगार, तुकतुकीत, आणि कळीचा पत्ता नाही. जास्त खाल्लेलं झाड पानांतच रमतं, फुलायची त्याला गरजच वाटत नाही. तुम्ही मात्र फोटो पाठवून कौतुक करून घेत होतात, "पाहा, कशी गुटगुटीत झाली तुमची राजकन्या."

मातीवरून तर आपलं बोलणंच बंद झालं होतं. कुंडीत तुम्ही माहेरच्या शेतातली काळी माती आणून भरलीत. शेतात ती सोनं असेल, कुंडीत तिच्या वर भेगा पडतात आणि खाली चिखल होतो, मुळं गुदमरतात. मी एवढंच बोलले आणि दर्यापूरची लेक खवळली. "काया मातीले नावं ठेवू नका, ईनबाई. साऱ्या वऱ्हाडाचं पोट भरलं तिनं." मी म्हटलं, पोट भरलं, पण कुंडी भरू नका. खट्! फोन बंद. कितीतरी दिवस तुम्ही बोलला नाहीत. मग एका दुपारी नुसता एक फोटो आला. कुंडीत मुरूम, पालापाचोळ्याचं खत आणि थोडीशी माती, अगदी मी सांगितलं होतं तसं. खाली शब्द एक नव्हता. चूक कबूल करायची ती तुमची पद्धत, आणि मला ती फार आवडायची.

आणि तुमची बाकीची झाडं! अडेनियम तुम्ही मायेनं मारलंत. रोज पाणी, रोज गोंजारणं. त्याचा फुगीर बुंधा सडून मऊ पडला, तर तुम्ही तो "गुबगुबीत झाला" म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाबून पाहायला लावत होतात. एक्झोऱ्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तेव्हा मी म्हटलं की त्याला लोह मिळत नाही. तुम्ही कुंडीत गंजके खिळे पुरलेत, आणि खिळे संपल्यावर एक अख्खा मोडका अडकित्ता! स्वातीनं तो खुरपताना बाहेर काढला, तेव्हा मी इकडे अमरावतीत हसून हसून खाली बसले होते. माझीही फजिती तुम्ही सोडली नाहीत म्हणा. मी हौसेनं आणलेलं अँथुरियम सावलीतून अंगणात ठेवलं आणि वैशाखात त्याचा पापड झाला. तुम्हाला हसता हसता ठसका लागला. "लाडाची पोरगी आनली अन् उन्हात उभी केली. अशी माय असते काय हो?" तुम्ही गेल्यापासून मी रोज संध्याकाळी फोनकडे बघते, आणि मला ते वाक्य ऐकू येतं. अँथुरियमवर आता हसायला कुणी नाही.

पाण्याचं नाव मी एकदाच काढलं होतं. तुमच्या बोअरचं पाणी खारं. त्या सगळ्या खारपाणपट्ट्यातच तसं. प्यायला आणि देवपूजेला तुम्ही नळाचं भरून ठेवायचात आणि बाकी सगळ्याला बोअरचं. मी घाबरत घाबरत म्हटलं, पाणी तर बाधत नसेल? मुलीच्या आईनं मुलीच्या सासरच्या पाण्याला नाव ठेवायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही माझा हात धरून मला अंगणात नेलंत. कन्हेर दाखवलीत, बोगनवेल दाखवलीत. "हे पाहा, याच पान्यावर फुलून राह्यली. इले बाधत नाई, अन् तुमच्या राजकन्येलेच बाधते?"  कन्हेर आणि बोगनवेल खारं पाणी रिचवतात, जास्वंदीला ते सोसत नाही, हे उत्तर मला आज सुचतंय. त्या वेळी तुमच्या आवाजापुढे कुणाला काय सुचणार होतं!

मग कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसायला लागला. मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "ताक टाकतो ना मी त्याले." झाडाला ताक हा तुमचा हुकमी उपाय. मी म्हटलं, असेल, ताकच असेल. आणि विषय संपला.

आता हातगुणाकडे येते. मागच्या उन्हाळ्यात स्वाती नातीला घेऊन माहेरी आली होती. ती सासरी असली की सकाळचं एक काम तिचं ठरलेलं. तुमच्या खोलीतल्या कूलरच्या टाकीत रात्रभर फिरून उरलेलं पाणी बादलीत काढायचं, ते जास्वंदीला घालायचं आणि टाकी पुन्हा बोअरच्या पाण्यानं भरायची. पाणी वाया घालवायचं नाही हा तुमच्या घरचा नेम. अकोल्यात कुठल्या घरचा नाही? बादली जड आणि तुमचे गुडघे दुखरे, म्हणून ते काम सुनेचं. ती माहेरी आल्यावर जावई टाकी मोरीत रिकामी करायला लागले, आणि तुम्ही देवपूजेच्या तांब्यातलं उरलेलं पाणी जास्वंदीला घालायला लागलात. एक कळी सुपारीच्या पुढे गेली! तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही लहान पोरीसारख्या बोलत होतात. "रंग दिसून राह्यला, ईनबाई, केशरी रंग दिसून राह्यला!" मी इकडे पेढे आणायच्या बेतात होते. स्वाती परतली, सकाळची बादली पुन्हा सुरू झाली, आणि चतुर्थीच्या तोंडावर कळी गळाली.

तुम्ही फोन केलात आणि म्हणालात, "पोरगी आली अन् कयी गेली. मले सांगा, याले काय म्हनाव? पोरगी सोन्यासारखी हाये तुमची, पन हातगुन नाई, ईनबाई."

तुम्ही ते रागानं बोलला नव्हता, मला माहीत आहे. दुखलेल्या माणसाचा आवाज होता तो. पण मला ते लागलं. फार लागलं. मुलीची आई, काय बोलणार? मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर दर वेळी अकोल्याला आले की आल्या आल्या मी त्या झाडाकडे जायचे. तुम्हाला वाटायचं, ईनबाईला झाडाची किती काळजी! अहो, मला काळजी लेकीची होती. कळी गळायचं खरं कारण सापडेपर्यंत माझ्या पोरीवर तो ठपका राहणार होता. मी गळालेल्या कळ्या पिशवीत भरून अमरावतीला नेल्या, भाजीच्या सुरीनं उभ्या चिरल्या, आत अळी शोधली, फुलकिडे शोधले. काही नाही. आतल्या पाकळ्या स्वच्छ, घडीच्या साडीसारख्या दुमडलेल्या. 

आणि ऐन वैशाखात तुम्ही गेलात. दुपारी पडलात त्या उठलातच नाहीत. इतकी बोलकी बाई एक शब्द न बोलता जाते, हे मला अजून पटत नाही. मी स्वातीच्या मदतीला म्हणून आले आणि इथंच राहिले.

तुम्ही जिथं गेलात, तिथं तुमच्या खोलीत पिठावर दिवा ठेवला. तेरवीपर्यंत विझू द्यायचा नाही. आणि कूलरचं तोंड नेमकं त्या दिव्याकडे. मग काय, कूलर बंद! बाहेर अकोल्याची दुपार, आत पाहुणे, आणि कूलर बंद. हिवरखेडहून आलेल्या तुमच्या नणंदबाई पदरानं वारा घेत रडत होत्या आणि मध्येच डोळे पुसून विचारत होत्या, "दिवा थोडा इकडे सरकवला तं चालत नाई काय वं?" मला हसू आलं. तुम्ही असतात तर आपण दोघी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात घालून हसलो असतो. तेव्हा मात्र मला रडू आलं, विहीणबाई. हसायला सोबत कुणी नाही, म्हणून मी तिथं उभ्या उभ्या रडले.

येईल त्याला पाणी द्यायचं काम माझ्याकडे होतं. जावयांनी पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या कॅन मागवल्या होत्या. भेटायला आलेला माणूस पाणी पूर्ण कुठं पितो? दोन घोट घेतो, ग्लास खाली ठेवतो, सुस्कारा सोडतो आणि निघतो. अर्धे अर्धे ग्लास! ते मोरीत ओतायला माझा हात धजेना. मी सगळं बादलीत जमवायचे आणि ओट्यावरच्या जास्वंदीला नेऊन घालायचे. तुमची माणसं फार, म्हणून पाणीही फार. सकाळी बादली, दुपारी बादली. कुंडीच्या भोकातून पाणी वाहून जायचं, पांढुरकं, गढूळ. मला वाटलं, ताक धुऊन निघतंय.

झाडावर कळ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहतही नव्हते, आशाच सोडली होती. मग एका सकाळी सहज नजर गेली तर एक कळी सुपारीएवढी. दुसऱ्या दिवशी सुपारीपेक्षा मोठी. मी हात लावला नाही, कुणाला बोलले नाही. देठ पाहिला, हिरवागार! घरात दुःख आणि मी दर तासाला काहीतरी निमित्त काढून ओट्यावर! तुमच्या नणंदबाई स्वातीला म्हणाल्या, "तुही माय फारच मनाले लावून घेऊन राह्यली वं, सारखी एकटीच मांगं जाऊन उभी राह्यते." मी मान खाली घातली. आत माझं काळीज उड्या मारत होतं. तेरवीच्या दिवशी कळीच्या टोकाला केशरी रेघ दिसली.

तेरवी झाली, पाहुणे गेले, दिवा उचलला. दुसऱ्या सकाळी जावयांनी कूलर सुरू करायचा म्हणून त्याच्या बाजूच्या ताट्या काढल्या. मी चहा घेऊन उभी होते. ताट्यांमधलं गवत पांढरं फटक, दगडासारखं कडक. आणि टाकीच्या आत, पाण्याच्या रेषेला, तोच पांढरा थर! मी चहा तिथंच ठेवला, ओट्यावर धावले, कुंडीच्या कडेचा थर नखानं खरवडला आणि जिभेवर ठेवला. खारट! कसलं ताक, विहीणबाई! मीठ! शुद्ध मीठ!

सगळं एकदम उलगडलं. बोअरचं पाणी आधीच खारं. कूलर ते रात्रभर फिरवतो, पाणी हवेत उडून जातं आणि खार मागे राहतो. टाकीत उरतं ते पाणी नाही, मिठवणी! आणि रोज सकाळी आपण तेच काटकसर म्हणून जास्वंदीला पाजत होतो. कुंडी पत्र्याखाली, तिच्यावर पाऊसही पडत नाही, की बाराही महिन्यांचा खार कधी धुऊन जाईल. पानांच्या कडा करपायच्या, त्याला आपण ऊन म्हटलं. मुळं तहानलेली राहायची आणि झाड पहिल्यांदा टाकायचं ते कळी. तुम्ही तांब्यातलं पाणी घातलंत ते गोडं होतं, म्हणून ती कळी वाढली! आणि आता तुमच्याच दुःखात कूलर बंद राहिला आणि शेकडो माणसांच्या अर्ध्या ग्लासांनी कुंडी धुऊन निघाली. तुमच्या तेरवीनं झाड बरं केलं, विहीणबाई! ऐकताय ना?

आणि नेमकी त्याच वेळी स्वाती टाकीत उरलेलं जुनं पाणी काढून बादली घेऊन आली. इतक्या दिवसांची सवय. तिनं बादली तिरकी केली आणि मी अशी किंचाळले की जावई बाहेर धावत आले. मी तिच्या हातातून बादली अक्षरशः हिसकावून घेतली. निम्मं पाणी माझ्या साडीवर, निम्मं तिच्या पायांवर. "काय झालं, मम्मी?" ती घाबरून गेली. मी हसत होते, बोलत होते, तिला टाकी दाखवत होते, थर चाखायला लावत होते. जावयांना वाटलं, सासूबाईंच्या डोक्यावर ऊन चढलं.

पुढचे दिवस मी त्या कळीची राखण केली. आणि आज ती फुलली! मी मघाशी सांगितलं ना, फोटो, फोन, राग, सगळं झालं. मग मी स्वातीला हाक मारून ओट्यावर आणलं आणि म्हटलं, "जा, आत्ताच्या आत्ता सासूबाईंच्या फोटोपुढे उभी राहा आणि सांग त्यांना, माझ्या हाताला काही झालेलं नाही म्हणावं." मी इतकी खूश होते की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल. वाद मी जिंकले होते. माझ्या पोरीवरचा ठपका गेला होता.

स्वाती फुलाकडे बघत राहिली. मग ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मम्मी, आई जे पाहात होत्या ते खरंच होतं ना. मी पाणी घातलं की कळ्या गळायच्या."

"अगं, पण ते कूलरमुळे..."

"ते आता कळलं. त्यांना कुठं माहीत होतं? त्यांना अगदी मनापासून वाटायचं की माझ्याच हातानं गळतात. मलाही वाटायला लागलं होतं. मागच्या वेळी ती कळी गळली ना, तेव्हा मी त्यांना म्हटलं, आई, उद्यापासून मी नाही घालत पाणी, तुम्हीच घाला, नाहीतर हे घालतील. तर रागावल्या माझ्यावर. बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, 'झाड तुह्या मायनं देल्लं हाये, पानी तूच घालशीन. फुललं तं फुललं, नाई तं राह्यलं. एका फुलासाठी पोरीच्या हातची बादली काढून घेऊ काय मी?'"

आम्ही दोघी तिथंच बसलो.  पूजेची वेळ झाली तेव्हा स्वातीनंच उठून ते फूल तोडलं आणि तुमच्या गणपतीला वाहिलं.

विहीणबाई, कळी जाईल अशी मला नुसती भीती वाटली आणि मी पोटच्या लेकीच्या हातातली बादली हिसकावली. तुमची तर खात्री होती. तरी तुम्ही ती रोज सकाळी तिच्याच हातात राहू दिलीत. आणि तुम्हाला ते फूल किती हवं होतं, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.